डावं मोकळं

सून: नको, बसत नाही. मागच्या गॅरेजमध्ये असंच बसवलं होतं, गारेगार खोलीत, कॉफीचा कप हातात देऊन. कॉफी संपेपर्यंत त्यांनी गाडीचं अर्धं पोट बाहेर काढून ठेवलेलं. मी इथेच उभी राहते, तुमच्या शेजारी.

मिस्त्री: राहा की. डोकं तेवढं सांभाळा, ताई. गाडी वर घेतलीय.

सून: तपासणी केंद्राचा कागद वाचलात ना? गाडी पास आहे म्हणे. आणि खाली ही मोठी शेपटी. डावा पुढचा टायर बाजूने कापलेला, लक्ष ठेवावे. डावा आरसा सैल, लक्ष ठेवावे. अहो, किती लक्ष ठेवू? मला दुसरी कामं नाहीत?

सासरे: मला हे पटतच नाही. पास तर पास. मी बत्तीस वर्षं वजनकाटे तपासले, मिस्त्री, दुकानोदुकानी फिरून. काटा खरा असेल तर शिक्का, नाहीतर काटा जप्त. ‘शिक्का देतो पण जरा लक्ष ठेवा’ असली भानगड आमच्याकडे नव्हती.

सून: म्हणूनच ते दुकानदार अजून तुमच्या नावाने बोटं मोडत असतील, अण्णा.

सासरे: मोडू देत. बोटांना व्यायाम.

मिस्त्री: ताई, एक विचारायचं होतं. मागच्या गॅरेजच्या कागदावर लिहिलंय की पुढचे दोन्ही दांडे बदलले. हे, चाक धरून ठेवतात ते.

सून: हो. नवे घातले म्हणाले.

मिस्त्री: मग या डाव्या दांड्यावर हा लाल ठिपका कसला?

सून: आहे? अजून आहे ठिपका? अण्णा, बघा! सांगितलं नव्हतं मी तुम्हाला?

सासरे: मला काय सांगतेस? ठिपक्याची कल्पना माझीच.

मिस्त्री: मला कोणी सांगेल का?

सून: नेलपॉलिश आहे ते. आमच्या छकुलीचं, माझ्या लेकीचं. गाडी गॅरेजला द्यायच्या आदल्या दिवशी चाकं वळवून, आत हात घालून, हाताला लागेल त्या प्रत्येक गोष्टीवर मी एकेक टिकली लावली. नवी वस्तू घातली असती तर टिकली गेली असती ना!

सासरे: आम्ही काट्याला शिशाचं सील लावायचो. घरात शिसं कुठलं? म्हटलं, नेलपॉलिश चालेल.

मिस्त्री: पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, पण असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. म्हणजे माझ्यासाठीपण लावल्यात टिकल्या?

सून: लावल्यात. कुठे ते नाही सांगणार.

मिस्त्री: नका सांगू. आता मला नीट झोप लागायची नाही, तेवढंच.

सून: हसू नका हो. हे तिसरं गॅरेज आहे. एकाने दांडे बदलले म्हणून सांगितलं आणि बदललेच नाहीत, ते आत्ता कळलं. दुसरा म्हणाला, ताई, गाडी विकून टाका, माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. आज माझी आठवड्याची एकुलती एक सुट्टी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सहा दिवस चादरी मोजते, सातव्या दिवशी गाडीखाली उभी राहते. यांचा मुलगा जहाजावर, तो फोनवर सांगतो, चांगलं गॅरेज बघ. जसं काही चांगली गॅरेजं झाडाला लागतात आणि मीच तोडत नाही.

मिस्त्री: ताई, दांडे बदलले नाहीत हे वाईटच केलं त्यांनी. पण खरं सांगू का? बदलायची गरजही नव्हती. दोन्ही दांडे चांगले आहेत.

सून: मग टायर का कापतोय? गेल्या वर्षी नवा घातला, यंदा पुन्हा तोच शेरा.

मिस्त्री: तेच बघतोय मघापासून. चाकं वाकडी असती तर टायर आतून झिजला असता. हा झिजलेला नाही, बाहेरून घासलाय. इथे हात लावून बघा. आणि रिमची ही कड.

सून: फूटपाथला लागलाय?

मिस्त्री: लागलाय. एकदा नाही, कितीतरी वेळा. मडगार्ड बघा, आरसा बघा. सगळं डावीकडचंच. उजवी बाजू मात्र अशी, की जणू काल दुकानातून आणलीय.

सासरे: रस्ते अरुंद झालेत हल्ली.

मिस्त्री: हं. आणि ही पिवळी खरवड तर ताजी दिसतेय.

सासरे: जुनी आहे ती.

मिस्त्री: असेल. काका म्हणतात तर असेल.

सून: म्हणजे गाडीत काही बिघाडच नाही?

मिस्त्री: टायर बदलावा लागेल, त्याला इलाज नाही. आरशाचा एक स्क्रू. बाकी मी काय घालू सांगा? सांगाल ते घालतो. पण पुढच्या वर्षी हाच कागद पुन्हा घेऊन याल.

सून: मग करायचं काय?

मिस्त्री: गाडी कोण चालवतं?

सून: सुट्टीच्या दिवशी मी. आज तेवढी सकाळी अण्णांनी पुढे आणून लावली, मी मागून बसने आले. बाकी दिवस हेच. सकाळी छकुलीला शाळेत सोडतात, दुपारी आणतात. दोन वर्षं झाली, एक दिवस उशीर नाही. यांच्या जिवावर तर मी सकाळची पाळी करते. अण्णा गाडी जपून चालवतात हो, माझ्यापेक्षाही सावकाश.

मिस्त्री: ते दिसतंय. जोरात लागलेलं एकही नाही. सगळं हळूच घासलेलं. जोरात चालवणाऱ्याचं लागतं तेव्हा पत्रा आत जातो.

सासरे: मिस्त्री, तुम्ही गाडी तपासताय का मला?

मिस्त्री: गाडीच तपासतोय, काका. डाव्या बाजूनेच काय ते सांगितलं, मी काय करू?

सून: थांबा. थांबा जरा. आरसा सैल झाला तो शनिवार होता, छकुली घरी होती. मी दारातच उभी होते, अण्णा दूध घेऊन आले होते. मडगार्ड... मडगार्ड शाळेला सुट्टी होती तेव्हा. अण्णा?

सासरे: काय?

सून: छकुली गाडीत असते तेव्हा कधीच लागत नाही.

सासरे: पोर बरोबर असली की माणूस जास्त सांभाळतो. साहजिक आहे.

सून: आणि तुमचा तो खेळ?

मिस्त्री: कसला खेळ?

सून: ती पुढे डावीकडे बसते ना, हट्टाने. प्रत्येक वळणावर मान काढून बघते आणि ओरडते, ‘डावं मोकळं!’ घरीसुद्धा तेच. जेवणाच्या ताटावरून उठताना, डावं मोकळं! मी हसायचे. माझ्या आईला फोनवर सांगायचे, आजोबा-नातीचं काय गूळपीठ आहे म्हणून. अण्णा, तो खेळ कोणी सुरू केला?

(सासरे चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहतात. मिस्त्री उगाचच पान्हा पुसतो.)

सून: अण्णा, मी विचारतेय.

सासरे: मी सुरू केला.

सून: कधी?

सासरे: मागच्या हिवाळ्यात. आधी मला वाटलं, काचेवर वाफ आहे. पुसली. मग वाटलं, चष्म्यावर आहे. पुसला. मग एक दिवस उजव्या डोळ्यावर हात ठेवून कॅलेंडरसमोर उभा राहिलो.

सून: आणि?

सासरे: कॅलेंडर कुठाय ते कळत होतं. तारीख नाही.

सून: आणि तुम्ही कोणालाही बोलला नाहीत. दहा महिने.

सासरे: कोणाला बोलू? तो समुद्रावर. तू पहाटे निघतेस, येतेस तेव्हा तुझे पाय सुजलेले असतात. मी गाडी सोडली तर पोरीला नेणार कोण? तू पाळी सोडणार. एका डोळ्यापायी घरातली सगळी घडी विस्कटायची? म्हटलं, एक डोळा आहे ना शाबूत. आणि दुसऱ्या बाजूला ती आहे.

सून: ती नऊ वर्षांची आहे, अण्णा!

सासरे: माहीत आहे.

सून: एखाद्या दिवशी तिला डुलकी लागली असती तर? खिडकीतून कुत्रं बघत बसली असती तर? तिला वाटतंय ती खेळतेय!

मिस्त्री: ताई, जरा पाणी घ्या.

सून: नको मला पाणी. मी वेडी, गॅरेजवाल्यांच्या मागे हात धुऊन लागलेय. दांड्यांवर टिकल्या लावतेय. आणि टिकल्या लावायला शिकवणारे हे!

सासरे: बोल. बोलच तू. माझ्या नोकरीत मी एक गोष्ट फार वेळा पकडली, मिस्त्री. काटा एका बाजूला झुकत असला ना, की काही दुकानदार हलक्या पारड्याच्या पोटाला मेण चिकटवायचे. वरून बघावं तर काटा अगदी मधोमध. आम्ही गेल्या गेल्या पारडं उलटं करून बोट फिरवायचो.

मिस्त्री: मग?

सासरे: मग जप्त. विनवण्या करायचे बिचारे. साहेब, काटा जुना आहे, घर यावरच चालतं, म्हणायचे. मी ऐकायचो नाही. मला राग यायचा की या माणसाला रोज तेच पारडं उचलताना काहीच कसं वाटत नाही. आता कळलं. वाटतं. रोज वाटतं. मी पोरीला मेणासारखी लावली, सूनबाई.

सून: नका असं बोलू.

सासरे: तसंच आहे ते.

सून: मग मला सांगायचं ना. मी भांडले असते, रडले असते, मग काहीतरी केलं असतं. नेहमी तसंच तर करते मी.

सासरे: किल्ली तुझ्याकडेच ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. उद्या मागेन मी, सवयीने.

सून: उद्या सकाळी छकुलीला मी नेते. लाँड्रीत फोन करून सांगते, एक दिवस चादरी मोजल्या नाहीत तर पेशंट जमिनीवर नाही झोपणार. परवाचं परवा बघू. आणि उद्याच तुमचा डोळा दाखवायचा.

सासरे: शाळा लांब नाही तशी. पायी अर्धा तास. मी नेईन पायी. हात धरून चालायला दोन डोळे लागत नाहीत.

सून: रस्ता ओलांडायला लागतात. आधी डॉक्टर, मग पायी.

सासरे: मिस्त्री, हे मोतीबिंदूसारखं असेल का हो? काढला की झालं?

मिस्त्री: काका, मला आरशाचा स्क्रू कळतो. डोळ्याचं मी काही सांगितलं आणि चुकलं, तर ताई मला टिकली लावतील.

सून: तुम्ही एक मात्र सांगा. नुसता टायर घालून दिला असतात, तर आम्ही आनंदाने गेलो असतो. चांगलं गॅरेज मिळालं, अशी चार लोकांत वाहवा केली असती. तुम्ही का बोललात?

मिस्त्री: बोलणार नव्हतो. गिऱ्हाइकाला असं बोललं की गिऱ्हाईक परत येत नाही, हा माझा अनुभव आहे. पण गाडी आत घेतली तेव्हा पुढच्या सीटवर छोटं दप्तर होतं. डावीकडच्या.

सून: विसरली काल पोरगी. गृहपाठ बुडाला तिचा.

मिस्त्री: बरं झालं, विसरली ते.

सून: दांड्यांचा तो कागद द्या इकडे. त्या गारेगार खोलीत जाऊन यायचंय मला. कॉफी पिणार नाही.

मिस्त्री: जा, पण आज नको. आज थकलात तुम्ही. बोलता बोलता टायर घातलाय, गाडी खाली घेतलीय. आरसा घट्ट केलाय, आता कुठेही हलायचा नाही. ताई, चालवायला तुम्हीच बसा.

सून: बसतेच. अण्णा, या. तिकडून नाही, इकडून. डावीकडून.

सासरे: हो, हो. या बाजूचं दार कधी उघडलंच नाही मी. हँडल जरा सैल आहे का?

मिस्त्री: हँडल ठीक आहे, काका. थोडं खाली आहे. हां, तिथे.

सासरे: सीट केवढी पुढे घेतलीय हिने! गुडघे कुठे ठेवू?

सून: तिचे पाय पोचत नाहीत म्हणून. खालचा दांडा ओढा आणि मागे सरका. पट्टा लावा.

सासरे: लावला.

सून: मिस्त्री, येते हं मी. पुढच्या वर्षीही इथेच आणणार गाडी.

मिस्त्री: आणा. टिकल्या लावूनच आणा.

सून: अण्णा, आरसा बघू द्या मला. मान थोडी मागे घ्या. हं. घेतेय मागे.

सासरे: सावकाश. डावीकडे फाटकाचा खांब आहे. पिवळा.

सून: दिसतोय तुम्हाला?

सासरे: नाही गं. सकाळी आत येताना लागला, म्हणून माहीत आहे.