काचेतल्या फोनचं गाऱ्हाणं

फोन चालणार की पडणार, हे आमच्या आचरे गावात पाच मिनिटांत कळतं. माझं मोबाइलचं दुकान आहे तिथे. एका नव्या कंपनीच्या साहेबाने लाखाचा फोन काचेत मांडला आणि म्हणाला, "हा नाही खपला तरी चालेल. लोक हा बघतील आणि आमचा हा शेजारचा दहा हजारांचा घेतील."

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे मागणं मागितल्याशिवाय, काही सुरू होत नाही. म्हणून गावात गाऱ्हाणी घालणाऱ्या बाबलकाकांना बोलावलं. दहाबारा जण जमले. काकांनी दहा हजारांच्या फोनपुढे नारळ ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो फोन गावात चलांदे!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"घराघरात पोचांदे!"

"होय म्हाराजा!"

काका साहेबाकडे वळले. "आणखी काय मागूचा आसा?"

"यात फक्त आमचंच सिम चालतं. महिन्याला नऊशेचा रिचार्ज."

काकांनी पुन्हा हात जोडले. "दर म्हयन्याक नऊशे भरूची बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा!"

कोणी बोलेना. काका हात जोडून थांबलेले.

शेवटी साहेबच हळूच म्हणाला, "होय महाराजा."