दारुड्याचा पोरगा

(आयर्लंडच्या केरी परगण्यातलं एक घर, सकाळ. पुढच्या खोलीत कॉन स्कॅनेल यांची उघडी शवपेटी. स्वयंपाकघरात त्यांची मुलगी नुआला आणि सिनेनट मुलगा फिनबार.)

नुआला : आवाज कमी कर. पलीकडे बाबा आहेत, आणि त्यांच्याभोवती अर्धं गाव सँडविच खात बसलंय.

फिनबार : मी एवढंच म्हणालो, की चर्चमध्ये असल्या गोष्टी बोलत नाहीत.

नुआला : टीव्हीवर बोलतात?

फिनबार : ते काम होतं, नुआला.

नुआला : कसलं काम? "माझा बाप प्यायचा आणि पट्ट्यानं मारायचा" हे काम? अरे, सोळाव्या वर्षी त्या माणसानं दारू न पिण्याची शपथ घेतली, ती चौऱ्याऐंशीव्या वर्षी मरेपर्यंत पाळली. त्या शपथेची खूण म्हणून मिळालेली पिन कालच लावली मी त्यांच्या कोटाला. नाताळच्या पुडिंगवर थेंबभर ब्रँडी असली तरी बशी बाजूला सारायचे.

फिनबार : मला माहीत नाही का?

नुआला : माहीत आहे म्हणून तर डोकं फिरतं. न कळून बोलला असतास तर मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं.

फिनबार : कसं झालं ते ऐकशील तरी? बावीस वर्षांचा होतो. लंडनमध्ये चाचणी. दारुड्याची भूमिका, चार वाक्यांची. मी केली, तर दिग्दर्शक खुर्चीतून उठला. म्हणाला, हे कुठे शिकलास? आता काय सांगणार? बाबांच्या गाडीत?

नुआला : हो! तेच खरं होतं ना?

फिनबार : खरं काय होतं ते मोठ्यानं म्हणून बघ की. बाप दर शनिवारी पबच्या दारात गाडी लावून बसतो, कारण गावातल्या पिणाऱ्यांना घरी सोडायला शुद्धीवरचा माणूस तो एकटाच. आणि मी मागच्या सीटवर, दोन झिंगलेल्यांच्या मध्ये चेपलेला, त्यांची जीभ कुठे अडखळते ते ऐकत. तो हसला असता गं. मी म्हटलं, "वडिलांकडून." बस, एवढंच. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. काम मिळालं.

नुआला : आणि मग तेवढंच तीस वर्षं वाढवत नेलंस. आधी नुसती दारू, मग पट्टा, मग थंडीत घराबाहेर काढलं. दर मुलाखतीला आमचे बाबा आणखी राक्षस होत होते.

फिनबार : लोक तेच विचारायचे! आयरिश नट म्हटला की त्यांना तसाच लागतो. पाद्री झालो, हवालदार झालो, बाप झालो, सगळे दारुडे. शुद्धीवरच्या माणसाची भूमिका मला कधी कुणी दिलीच नाही.

नुआला : अरेरे, केवढं हे दुःख! आणि तो पुरस्कार घेताना डोळ्यांत पाणी आणून बोललास ना, त्या दिवशी हे घर माणसांनी भरलं होतं. शेजारीपाजारी, फादर, सगळे तुला टीव्हीवर बघायला आलेले. बाबांनी नवा शर्ट घातला होता.

फिनबार : हे तू कधी बोलली नाहीस.

नुआला : तू कधी विचारलंस? कोणाला कुठे बघावं कळेना. बाबा उठले, म्हणाले, चहा कोणाकोणाला? पुढच्या महिन्यात चर्चमध्ये दानाची टोपली फिरवायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. वीस वर्षं फिरवत होते. मी भांडायला निघाले, तर मलाच म्हणाले, "बस खाली. पोराचं पोट आहे त्यावर."

फिनबार : असं म्हणाले बाबा?

नुआला : अगदी असंच. म्हणून सांगते, आज प्रार्थना झाली की उभा राहा आणि सगळ्यांदेखत सांग, मी खोटं बोललो. जमत नसेल तर खांदा देऊ नकोस. चुलतभाऊ आहेत आपले, ते देतील.

फिनबार : फाटकाशी दोन वार्ताहर उभे आहेत, नुआला. उद्या जगभर होईल. पुन्हा कोण काम देणार मला?

नुआला : खोटं गेलंच ना जगभर? मग खऱ्यालाच का अडवतोस?

फिनबार : बरं. बरं, बोलतो. ऐक, असं म्हणतो. "मी कॉन स्कॅनेलचा मुलगा. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला शिवून पाहिलं नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही. मी जगाला जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. बाबा, मला माफ करा."

नुआला : रडतोस काय?

फिनबार : खरंच येतंय गं रडू. देवाशपथ.

मॉसी : वा, पोरा, वा! किटली ठेवायला आलो होतो, दारातच पाय थबकले बघ.

नुआला : या, मॉसीकाका. ऐकलंत ना तुम्ही?

मॉसी : ऐकलं म्हणजे! पन्नास वर्षं तुमच्या शेजारी काढली, पण असं मन नाही पाहिलं. एवढं सोसलं लेकरानं, तरी बापाचं झाकतोय.

फिनबार : झाकत नाही, मॉसीकाका. खरंच सांगतोय.

मॉसी : तेच, तेच. असंच बोल चर्चमध्ये. डोळे पुसू नकोस, राहू दे तसेच.

नुआला : मॉसीकाका, शनिवारी पबमधून तुम्हाला घरी कोण आणायचं?

मॉसी : कॉनच की. दुसरं कोण?

नुआला : मग बाबा प्यायचे का?

मॉसी : आता बाई, गाडी तर दर शनिवारी तिथंच असायची. पार पब बंद होईस्तोवर.

नुआला : तुमच्यासाठी असायची! तुम्हाला बूट सापडायचे नाहीत, ते बाबा शोधून द्यायचे!

मॉसी : असेल, असेल. मी कुठे शुद्धीवर होतो? मलाही आधी पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण पोटचा पोरगा टीव्हीवर रडून सांगतो म्हटल्यावर आपण कोण? जाऊ दे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. येतो मी, फादर आलेले दिसतात.

फिनबार : नुआला, मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो. न रडता. अगदी सपाट आवाजात.

नुआला : मग म्हणतील, दुःख गिळून बोलला.

फिनबार : मग बोलूच नको? नुसता खांदा देतो.

नुआला : इतकं सोसूनही खांदा दिला, म्हणतील. नाही दिलास तर म्हणतील, किती सोसलं असेल बिचाऱ्यानं. आता तू काहीही कर, फिनबार, बाबा प्यायलेलेच.

फिनबार : असं नको गं बोलूस.

नुआला : चल, डोळे पूस. पेटीचं झाकण लावतायत. जाऊन बघून घे त्यांना.

फिनबार : काय बोलू मी त्यांच्याशी?

नुआला : काही बोलू नकोस. तू जे बोललास, ते सगळं ऐकलंय त्यांनी.