दशरथ मिस्तरीनं खोललेलं इंजिन

मंडळी, बसा. मागच्यांनो, सावलीत सरका, जागा हाय.

माझ्या हातात हा माईक कुनी दिला मला कळलं न्हाई. पाना दिला असता तर सांगितलं असतं काय करायचं ते. ह्याचं काय करावं? तेलगावच्या ह्या फाट्यावर माझं गॅरेज रस्त्याच्या पल्याड, दशरथ मिस्तरीचं हे अल्याड, आपन बसलोय ते. आख्खी उमर आमी रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांवर ओरडत काढली. आज मी बोलतोय आन् कुनी "गप बे बबन" म्हनत न्हाई. म्हनून जड जातंय. समजून घ्या.

माझ्या आधी बोलले ते म्हनले, मिस्तरी लई शांत मानूस. कोन शांत? दशरथ? मेलेल्या मानसाबद्दल चांगलंच बोलावं, मान्य. पन खोटं कावून बोलायचं? लई तापट होता. गिऱ्हाइकानं "जरा नट आवळून द्या, तेल थांबंल" म्हनलं, की ह्याचं डोकं फिरलंच. "नट आवळून तेल थांबत न्हाई, पॅकिंग फाटती. घरी जा, सांजच्याला ये."

आन् मग त्याचं सुरू व्हायचं. आधी आख्खं इंजिन डिझेलनं धुवायचं. फडक्यानं कोरडं करायचं. मग तोंडाला लावायची पावडर त्याच्यावर भुरभुरायची. हो, वैनींच्या डब्यातली. वैनी इथं बसल्यात, त्यांना इचारा किती डबे गेले. मग इंजिन चालू करून हा समोर उकिडवा बसायचा. बोलायचं न्हाई, बिडी न्हाई. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उठली, की तिथं बोट. "खाली बघू नको बबन. तेल टपकतंय खाली, फुटतंय वर." नव्या गाडीला कुनीबी हात लावतो. म्हाताऱ्या इंजिनाजवळ बसायला सबुरी लागती. ह्या तापट मानसाची समदी सबुरी तिथंच खर्च व्हायची. घरी काय उरत नसंल, न्हाई का वैनी?

असो. मी ज्याच्यासाठी उठलो ते बोलतो.

मागं वळून बघा समदे. पत्र्याखाली ती जीप. दिंद्रुडच्या भगवानची हाय. भगवान तिकडं खांबाजवळ बसलाय, मान खाली घालून. ह्याची टोळी ऊसतोडीला गेली, हा गाडीपायी मागं राहिला. तिकडं फडात कुनाला साप चावला, कुना बाईचे दिवस भरले, तर दवाखान्यात न्यायला टोळीला तेवढी एकच गाडी. आन् ती तेल गाळती. वाटंत तेल संपून इंजिन जाम झालं, तर आत झोपवलेल्या बाईनं काय करायचं?

दशरथनं जीप कामाला घेतली त्या दिवशी मी रस्ता ओलांडून आलतो. इंजिन आन् गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होता. दशरथ म्हनला, "मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागतोय."

मी म्हनलं, "सील न्हाई बे. वरच्या झाकनाची पॅकिंग मागून गेली असंल. तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरतंय आन् खाली दिसतंय. तुझंच बोलनं तुला सांगतोय. पावडर मारलीस का?"

"टोळी निघालीय. धुवायला टाइम कुठंय?"

मंडळी, पावडर न मारता त्यानं गाडी खोललेली मी कधी बघितली नव्हती. घाई कुनासाठी? स्वतःसाठी? न्हाई. त्या फडातल्या बायांसाठी. मला म्हनला, "गिअरबॉक्स खाली येऊ दे, मग दाखवतो तुला कोन बरोबर." हेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलनं.

गिअरबॉक्स खाली आला. दुपारी हा गाडीखालून सरकत बाहेर आला. वैनींना पानी मागितलं. चाकाला टेकून बसला. पानी येईस्तोवर मान कलली. मी पळत आलो. आमी बीडला नेलं. नेलं म्हंजे काय, नेल्याचं समाधान.

तवापासून जीप तशीच. गिअरबॉक्स पोत्यावर, पाने बोनेटवर. आमच्या धंद्याची रीत तुमाला ठाऊक हाय. ज्यानं इंजिन खोललं त्यानंच बांधायचं. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. भगवान माजलगावपर्यंत मिस्तरी हुडकून आला. समद्यांनी हात जोडले. मलाबी इचारलं. मीबी न्हाई म्हनलं.

रीत म्हनून न्हाई म्हनलं का? खरं सांगू? भेव वाटलं. ती जीप उघडी हाय तवर सकाळी शटर वर करताना वाटतं, दशरथ पानी प्यायला गेलाय, येईल. बांधली की संपलं. आन् दुसरं भेव त्याच्याहून वाईट. बांधायची तर गळती हुडकावी लागनार. समजा ती वरच निघाली. समजा मीच बरोबर निघालो. मग? जिंकलो म्हनून पल्याड कुनाला ओरडू? आमची दोस्ती त्या भांडनावरच चालली. भांडन जिंकून मी करू काय?

पन मानूस गेला म्हनून ऊस थांबत न्हाई. तिकडं फडात बाया हायत, लेकरं हायत.

म्हनून समद्यांसमोर इचारतो. वैनी, तुमी हो म्हनलात तरच. दशरथनं खोललेल्या इंजिनाला मी हात लावू का?

मागं ऐकू गेलं न्हाई वाटतं. मी सांगतो. वैनी म्हनल्या, "बांधा भावजी. त्यांचेच पाने घ्या."

बरं, वैनी. त्याचेच घेतो.

भगवान, मान वर कर. उद्या सकाळी ये.

आन् मंडळी, एक आत्ताच सांगून ठेवतो. मी इंजिन धुनार, पावडर मारनार. तेल कुठून येतंय ते मला दिसनार. जिथून येत असंल तिथं ते मी बंद करनार. मग फाट्यावरचे तुमी समदे इचारायला येनार, मला म्हाइत हाय, दुसऱ्याचं भांडन तुमाला चहापेक्षा गोड. तर येऊ नका. उत्तर आत्ताच घ्या. सीलच गेलं होतं. दशरथ बरोबर होता.

उद्याबी हेच सांगनार. मरेस्तोवर हेच सांगनार.

आता उभं ऱ्हा. रस्ता हाय, गाड्या जातच ऱ्हातील, हॉर्न वाजतील. वाजू द्या. आपन दोन मिनिटं गप ऱ्हाऊ.

दशरथा, तुझंच खरं. जा आता.