चोवीस कोटांचा खर्च

तर मंडळी, नीट सावरून बसा. एक प्रश्न विचारतो. आपण माणसासाठी जे करतो, त्यातलं व्यवहाराचं कुठलं आणि मायेचं कुठलं? दोन्ही एकाच हातानं होतं. मग वेगळं काढायचं कसं?

माझंच घ्या. हा फेटा, हे उपरणं — हा धंद्याचा खर्च की माझी हौस? आमची मंडळी म्हणते, हौस! आयकर खात्याला विचारलं तर? हसताय काय, ऐका. हाच प्रश्न एका माणसापुढं खरोखर येऊन उभा राहिला होता.

गडहिंग्लजकडं बाळकृष्ण सनदी म्हणून एक बँडमास्तर होते. त्यांचे वडील येसबा, म्हणजे आबा, जन्मभर क्लॅरोनेट वाजवत आले. काय वाजवायचे! वरात पुढं सरकायची नाही. पण अंगावर काय? लग्नघरचे जुने कपडे. यजमानाला वाटायचं, वाजवणारे जरा बरे दिसावेत, म्हणून कुणाचा विरलेला कोट, कुणाचा ढगळ सदरा आबांच्या अंगावर चढायचा. बाह्या दुमडायच्या नि वाजवायला उभं राहायचं. बाळकृष्ण तेव्हा बापाशेजारी झांजा वाजवायचा. तो त्या दुमडलेल्या बाह्यांकडं बघायचा.

पुढं तो मास्तर झाला, बँड नावारूपाला आला, आणि एका वर्षी त्यानं ठरवलं — आता सगळ्यांना गणवेश. लाल कोट, खांद्यावर जरीची झालर, पितळी बटणं. रफीक टेलर मापं घ्यायला घरी आला. आबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. दम लागायचा, वाजवणं कधीच सुटलं होतं. तरी मास्तर म्हणाले, रफीकभाई, आबांचंही माप घ्या.

कोट आले. आबांनी झालरीवरनं हात फिरवला. मग बाहीत हात घातला. बाही बरोब्बर मनगटाशी येऊन थांबली. म्हातारा बराच वेळ त्या मनगटाकडं बघत राहिला नि म्हणाला, "हे माझ्या मापाचं हाय?"

एवढंच. मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हे विचारावं!

लग्नसराई सुरू व्हायच्या आतच आबा गेले. भावकीतले म्हणाले, पांढरंच नेसवायचं असतं. मास्तरांनी ऐकून घेतलं नि आबांना लाल कोट घातला. बँडवाल्यांनी मात्र नवे कोट काढले नाहीत. ते कोट कामाचे. सगळे साध्या पांढऱ्या सदऱ्यात चालले, वाजवत. सगळ्या गर्दीत लाल एकच — आबा. बघणारे सांगतात, राजाची मिरवणूक वाटली.

आता व्यवहार बघा. वर्ष संपलं, कर भरायची वेळ आली. मास्तरांचे कागद हळदणकर वकील बघायचे. ते म्हणाले, मास्तर, गणवेश हा धंद्याचा खर्च, तो उत्पन्नातून वजा होतो, कर तेवढा कमी बसतो. बिल पंचवीस कोटांचं आहे, पंचवीस लावतो. मास्तर म्हणाले, चोवीस लावा. वकिलांनी समजावलं, की बिल एक, टेलर एक, कोट एकसारखे, कोण विचारतंय? मास्तर हलले नाहीत. चोवीसच लावले गेले.

आणि नेमकं आयकर खात्याचं बोलावणं आलं! कपड्यालत्त्याचा खर्च म्हणजे घरखर्च, तो धंद्यात कसा धरला, खुलासा करा. खर्च नामंजूर झाला तर कर वाढणार, वर दंड, आणि लोक म्हणणार, बँडवाला सरकारला फसवायला गेला. मास्तरांना पैशापेक्षा हे शेवटचं जास्त लागत होतं.

एक कोट पिशवीत घेऊन ते वकिलांबरोबर कोल्हापूरला गेले. समोर चिटणीसबाई म्हणून अधिकारी होत्या. बाई शांत, पण एकही गोष्ट नजरेतून सुटू न देणाऱ्या. त्यांनी कोट हातात घेऊन पाहिला, विचारलं, हा एरवी घालता का? घरच्या लग्नाकार्याला, बाजाराला? मास्तर म्हणाले, नाही. वाजवून झालं की घडी घालून पेटीत. पोराच्या लग्नातसुद्धा मी साध्या सदऱ्यात होतो. बाईंनी मान हलवली. मग बिलावर बोट ठेवलं.

"इथं पंचवीस आहेत. तुम्ही चोवीस दाखवलेत. एक का सोडला?"

वकील घाईनं म्हणाले, नजरचूक झाली. मास्तर म्हणाले, "चूक न्हाई, बाई." आणि त्यांनी आबांचं सगळं सांगितलं. यजमानांचे जुने कपडे, दुमडलेल्या बाह्या, आणि तो शेवटचा लाल कोट.

बाईंनी कोटाची नीट घडी घातली नि म्हणाल्या, "तोही शिवला गणवेश म्हणूनच होता. धरला असतात तरी मी अडवलं नसतं."

"तुमी दिला असता, बाई. मला घ्यायचा न्हवता," मास्तर म्हणाले. "जन्मभर आबाच्या अंगावर दुसऱ्याच्या पैशाचं कापड हुतं. शेवटचं तरी पोराच्या पैशाचं असावं. त्यात सरकारचाबी वाटा नको."

खर्च मंजूर झाला, चोवीसच्या चोवीस. बाहेर पडताना वकिलांनी पिशवी आपल्या हातात घेतली आणि मास्तर छाती काढून जिना उतरले. जन्मातली सगळ्यात मोठी वाजवायची सुपारी मिळाल्यागत!

मंडळी, कायद्यानं मिळत होतं ते या माणसानं सोडलं. मूर्ख होता? चोवीस कोटांचा हक्क त्यानं ठणकावून घेतलाच की! जे कामाचं ते मागावं, ताठ मानेनं मागावं. पण एक कोट मायेचा होता. आणि मायेची वजावट मागायची नसते.

आता मान खाली घालू नका, माझ्याकडं बघा. आईला दवाखान्यात नेलंत, भावाला किती वेळा ऐकवलंत? बहिणीला साडी नेसवलीत, वहिनीसमोर किंमत का सांगितलीत? आज घरी गेल्यावर दिवा लावा, देवासमोर बसा आणि आठवून बघा — आयुष्यात असं एक तरी काही केलंय का, की ज्याचं बिल आपण कुणालाच दाखवलं नाही?

सापडलं, तर तेवढंच त्याच्या पायाशी ठेवा. बाकीचं त्याला नको आहे. घ्या टाळ हातात, म्हणा हरी!