तिठ्यावरची शक्ती

मला नाक खुपसणारी म्हणा हवं तर, पण त्या दिवशी माझ्या नाक खुपसण्यानेच काम झालं. शेजारच्या सुमनवहिनींची सायली स्कूटरवरून पडली होती. प्लास्टर निघालं तरी उजवा अंगठा हलेना. व्यायाम म्हटला की रडायची. शेवटी डॉक्टरांनीच व्हिडिओ गेम खेळायला सांगितलं, तर उजवीकडची बटणंही ही डाव्या हातानेच दाबायची.

मी चौकशीला गेले. "ह्या काय गो?"

"काकी, वेगवेगळ्या खेळांतले पैलवान एकत्र येतत. पयली पाच मिनटा फिरान शक्ती गोळा करूची, मगे मारामारी."

तेवढ्यात तिचा पैलवान तीन वाटा मिळतात तिथे पोचला. मधोमध काहीतरी लालभडक चमकत पडलेलं. मी ओरडलेच, "गो, तिठ्यावरचा उचलू नको! कोणीतरी नजर काढून उतारो टाकलेलो असतलो! उडी मार, उडी!"

पोर अशी दचकली की पैलवान टुणकन पलीकडे.

वहिनी दारातच थबकल्या. "सायली, उडयेचा बटण खंयच्या हातान दाबलंस?"

सायली आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघतच राहिली. तिने तो पुन्हा वाकवला. वाकला!

इकडे मारामारी सुरू होऊन संपलीसुद्धा. "काकी, तुमच्यापायी शक्ती सोडलंय आणि हरलंय बघा!"

वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता, तो काही सोडेनात. डोळे पुसत लेकीला म्हणाल्या, "हर गो बाय, रोज अशीच हर!"