दोघांचं मचाण की एकट्याचं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं आर्डिस, तू होय! बोल, बोल… छे, कामात कसला. रॉजरच्या दुकानात उभा आहे, मचाणांच्या रांगेत… मचाण गं, मचाण! झाडावर बसायचं!… हो, विकत. बघ ना, काय दिवस आलेत. आपल्या बाबांनी जन्मात कधी मचाण विकत घेतलं नाही. चार फळ्या, मूठभर खिळे, की झालं. आणि त्यांचा मुलगा इथे ठोकून ठोकून बघतोय, संसाराची भांडी घ्यायला आल्यासारखा. कुठलं हलकं, कुठलं वाजणार नाही…

थांब, आवाज तुटतोय. पत्र्याचं छप्पर आहे इथे… आता?… हां, आता ठीक.

मग काय करणार? सरकारी रानात शिकारीला जायचं म्हणजे झाडाला खिळा मारायचा नाही, आणि संध्याकाळी मचाण सोडवायचं, पाठीवर टाकायचं आणि घरी आणायचं… रोज म्हणजे रोज! सकाळी न्या, संध्याकाळी आणा. आपलं रान असतं तर… जाऊ दे. उन्हाळ्यात विक्रीच्या सह्या करून मोकळे झालो, आता नोव्हेंबरात रडून काय उपयोग.

हं… हं… सांगतो ना, ऐक तर. तीन प्रकार आहेत. एक चढतं. त्याचे दोन भाग असतात. एकावर बसायचं, दुसरा पायाने वर ओढायचा, मग उलट. असं सुरवंटासारखं सरकत सरकत… हसू नकोस! माझ्या गुडघ्याकडे बघून रॉजरही हसला मघाशी. आणि त्याला खोड सरळसोट लागतं, मध्ये एक फांदी आली की तिथेच लटका. दुसरं आहे ते पट्ट्याने खोडाला आवळायचं. हलकं आहे, चांगलं आहे. एकट्याचं… आणि तिसरं शिडीचं. ते दोघांचं.

हो, दोघांचं. शेजारी शेजारी बसायचं.

नाही, आपलं असंच म्हटलं. जड आहे ते. एकट्याला नाही उचलणार. दोघं असले तर एकाने शिडी घ्यायची, एकाने बाक… हो ना, तेच विचारणार होतो. म्हणजे, तू येणार आहेस का या वर्षी?… नाही नाही, तुला जमेल तसं. जबरदस्ती कसली… मला काय, दोन्ही चालेल… तू म्हणशील तसं… नाही, तू सांग… अगं, तूच सांग!

नाही रे रॉजर, अजून ठरत नाही. तू त्या गिऱ्हाइकाकडे बघ.

रॉजर गं. म्हणतोय, कुठलंही घे, पण अंगाला बांधायचा पट्टा घेतल्याशिवाय सोडणार नाही, तुझा डार्विन व्हायला नको… हो, आपल्या गावचा तोच डार्विन! मागच्या वर्षी मचाणावर डुलकी लागली आणि थेट खाली. हरीण म्हणे तिथेच उभं राहून बघत होतं. आता चर्चमध्येसुद्धा बाकाच्या काठावर बसत नाही तो, मधोमध बसतो.

बरं, माझंच चाललंय. तू कशाला फोन केला होतास?… कुठे?… आपल्या रानाकडे? ग्रीन बेहून एवढ्या लांब? कशाला?… हं, नुसतीच. रस्त्यावरून. बरं… मग?

काय सांगतेस! ओकच्या झाडावरनं खाली काढली? बसची सीट?… कचऱ्यात! रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या गाडीसाठी!… आपलं रान घेतलेल्या त्या दातांच्या डॉक्टरला मी… नाही देत शिवी, दुकानात आहे. पण काय गं ही शिकागोकडची माणसं! त्याला काय ठाऊक, शाळेची बस मोडीत निघाली तेव्हा बाबांनी ती सीट दोराने पाठीला बांधून ओकवर चढवली होती. आई खालून ओरडतेय, पडाल, पडाल, आणि बाबा तोंडात मिठाची गुळणी धरून वर, वर… आठवतंय ना? तू तिथेच होतीस, नाक पुसत. तुझ्यासाठीच तर ती सीट. तू एकटी बसायला लहान होतीस म्हणून दोघांची. मग घोडी झालीस तरी तिथेच. बाबा आणि तू ओकवर, मी ओढ्यापलीकडे, ॲशच्या झाडावर. एकटा… तक्रार नाही गं. सांगतोय आपलं.

आता काय ठेवलंय त्याने तिथे?… खोली? झाडावर खोली?… काचेच्या खिडक्या, हीटर… वा! हरीण मारायला आलाय की हरणाला चहाला बोलवायला?

मग सीट गेली का कचऱ्याच्या गाडीतनं?… काय?… तू उचललीस? एकटीने?… अगं, केवढी जड ती!… गॅरेजमध्ये? मग रँडीची गाडी?… बाहेर, बर्फात! सीट आत आणि नवऱ्याची गाडी बाहेर! काय म्हणाला रँडी?… काचेवरचा बर्फ खरवडायला गेला? शहाणा माणूस आहे.

पण आर्डिस, एक सांग. तू ती सीट कशाला आणलीस? तुला तर ते रान नकोच होतं.

…काय म्हणजे काय? विकायचं तुलाच होतं ना?… थांब, थांब. कुणाला? मला?… मी कधी म्हणालो विकू या?… अगं मी म्हणालो, "तुला बरं वाटेल तसं करू"!… हो, आईच्याच स्वयंपाकघरात. आईला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. वकील केक खात बसला होता. मी तुला विचारलं, तुला काय वाटतं? तू म्हणालीस, "मला काय, दोन्ही चालेल." मग मीही म्हणालो, मलाही चालेल… आणि त्याने लिहून टाकलं.

मला वाटलं तुला पैसे हवे असतील. रँडीच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं… विम्याने दिले? सगळे?… मग सांगायचं नाही का!… हो, मी विचारलं नाही. असं कसं गं विचारायचं कुणाला, पैसे हवेत का म्हणून?… आणि तू?… माझा गुडघा? मला आता रान झेपत नाही, असं वाटलं तुला?… अगं, गुडघा गेला तर गेला! गुडघ्यासाठी कुणी चाळीस एकर विकतं का!

म्हणजे… म्हणजे आपल्या दोघांनाही विकायचं नव्हतं.

आर्डिस?… खाली बसलीस?… हं.

मी पण… बसलोय जरा. दाखवायला शिडीचं मचाण उभं केलंय ना इथे, त्याच्या खालच्या पायरीवर.

काय माणसं आहोत आपण. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा राहतो बघ ताटलीत. तू घे, नको तू घे, नको गं तूच घे, आणि शेवटी तो वाळून जातो. केकचं ठीक आहे. पण रान? तो डॉक्टर आला, त्याने एकदाच विचारलं, मी घेऊ का? आणि घेतलं. त्याला तरी काय बोलायचं.

…कसलं परत मागतेस. त्याने रस्ता केला, खोली बांधली. आता नाही मिळत ते. गेलं गं, आर्डिस. फार चुकलं. फार वाईट वाटतंय मला… नाही, तुझं एकटीचं नाही. रडू नकोस… मी कुठे रडतोय? सर्दी आहे.

हं?… बाबा? बोलायचे?… कुठे, ओकवर?… आपले बाबा? घरात "मीठ दे" याच्या पुढे ज्यांचं गाडं सरकत नव्हतं, ते?… कुजबुजत! काय बोलायचे?… गोठ्यात रात्र काढली ते?… आईला पोल्का नाचताना पहिल्यांदा पाहिलं ते? आईला?… आणि?… भलत्याच बाईच्या पायावर पाय दिला?… हे मला कधी कुणी… नाही. मला नाही सांगितलं. मी पलीकडे होतो ना. मला तिकडनं तुमच्या दोघांच्या नारिंगी टोप्या दिसायच्या, जवळ जवळ. वाटायचं, दोघं गप्प बसलेत, हरणाची वाट बघतायत. मीही मग गप्प बसायचो.

काय?… आवडायचीच नाही? तुला शिकार?… कधीच नाही? अगं, मग भिंतीवर तुझ्या नावाची ती मोठी शिंगं… ते हरीण बाबांनी मारलं? आणि मी आजवर लोकांना सांगत फिरतोय, माझ्या बहिणीसारखा नेम नाही कुणाचा!… हसू नकोस… मग दर वर्षी त्या थंडीत, बोटं निळी होईपर्यंत, कशाला यायचीस?

…हं.

हो. कळलं. मीही आलो असतो.

आर्डिस, आता माझं ऐक. एक विचारतो, आणि "दोन्ही चालेल" म्हणायचं नाही. शपथ आहे तुला… ऐक ना! बंदूक आणू नकोस. हरणाचं नावसुद्धा काढू नकोस. नारिंगी कोट तेवढा घाल, नाहीतर कुणीतरी तुलाच हरीण समजेल. नुसती ये आणि माझ्या शेजारी बस. एक सकाळ. मी कॉफी आणतो, तुला आवडतं ते हरणाचं सॉसेज आणतो. आणि बाबा काय काय बोलायचे ते मला सांग. हळू, त्यांच्यासारखं… नाही, हरीण नाही आलं तरी चालेल. मचाण मी उचलतो, नाहीतर दोघं मिळून उचलू, ते सोड. मला तू यायला हवी आहेस. जमलं तर बघ वगैरे नाही. हवी आहेस. आता तू सांग, तुला यायचंय का? तुला स्वतःला?… घे, वेळ घे. मी थांबतो.

…

हं?… काय?… तुटतंय गं. परत बोल… "मला"… मला काय? यायचंय, की नको?… आर्डिस? हॅलो?… हॅलो!

गेला.

…काय रे रॉजर?… नाही, फोनच गेला. तिचं बोलणं अर्धं राहिलं… हो, दुकान बंद करायची तुझी वेळ झाली, कळतंय मला… एकट्याचं नेऊ आत्ता, आणि ती येणार असली तर बदलून घेऊ?… छान सोय आहे रे, पण नको. काहीतरी धरून चालायचं, ते एकदा केलं आम्ही… काय केलं ते सांगेन तुला शुक्रवारी, नेहमीसारखे मासे खायला बसू तेव्हा. आत्ता एवढंच सांग, इथे फोनला रेंज कुठे मिळते?… बाहेर? रस्त्यापर्यंत जाऊ?… पडू दे की बर्फ. तू दोन्ही मचाणं इथेच राहू दे, आणि दहा मिनिटं दिवा घालवू नकोस.

मी तिला विचारून येतो.