कारल्याच्या वेलाले सलाईन

—हात नका लावू म्हटलं ना त्या बाटलीले! माह्या वावरात, माह्या कारल्याच्या वेलाले थेंब थेंब पाणी देऊन राह्यली ती, तुमच्या दवाखान्याचं काय जाते? दिवसा मोटारीले लाईन नाई राह्यत, डोक्स्यानं काम करा लागते, डॉक्टरीणबाई — दिल्लीले शिकलं म्हणजेच अक्कल येते असं नाई. काढा फोटो. केळझरच्या बाजारात जाऊन सांगा, बबनरावची कारली दवाखान्याच्या कचऱ्यावर वाढतात म्हणून!

कोणी दिल्या? सापडल्या. रस्त्यावर. — बरं, नाई सापडल्या. तुमच्या वॉर्डात झाडू मारते ते जिजाबाई माही बहीण हाय, म्हणून तिचंच नाव? वीस वर्षं तुमचा रक्त-पू पुसून राह्यली, अजून कंत्राटावरच. कचऱ्याच्या लाल पिशवीतून चार बाटल्या भावाले दिल्या त आभाळ कोसळलं? हो, तुमचे लोक नळ्या कापून फेकतात, त्याच्या आधीच काढल्या — कापलेली नळी मी काय गळ्यात घालू?

सुई? सुई नसतेच त्यात. सुईचा पांढरा डबा वेगळा, मले नका शिकवू. — एकच होती. एका नळीले लटकून. सुनेनं धुवाले हात घातला अन्... मोहरीएवढं रक्त. हळद लावली, झालं. पऱ्हाटीचा कापूस वेचताना याच्याहून जास्त टोचते.

परवा. दुपारी. आता तास काऊन मोजून राह्यल्या? उद्या दुपारपर्यंतच गोळ्या सुरू झाल्या पायजे? अन् दवाखान्यात विचारन ना कोणी, सुई कुठची म्हणून — कोणाचं नाव सांगू? सांगा ना! मायबाप गेल्यावर जिजाबाईनं मले घास भरवला, तिची रोजी माह्या हातानं घालवू? अन् त्या सुईत एड्स-बिड्स काई असनच, हे तुमी लिहून देता? — नसन, हेही नाई देत? हळू बोला. घरात पडली हाय ते, चौथा महिना हाय तिचा. तिले काईच नाई सांगितलं, उगा जिवाले घोर. रात्रीपासून मलेच भाकर नाई गेली, ते वेगळं.

चला, निघा. गाडी फिरवा. पुन्हा या धुऱ्यावर पाय — रंजिता? तू काऊन बाहेर आली? चपला काऊन घातल्या? आत जाय. ते बोट काऊन दाखवून राह्यली तिले? डॉक्टरीणबाई, तिले गाडीवर नका बसवू, सांगून ठेवतो! जिजाबाईचं नाव नको घेजो, पोरी... रंजिता, आयकून राह्यली का? रंजिता—